एका गुंठ्याचा नववा हिस्सा

घरापुढचं लॉन काढून तिथे भाजीचा वाफा करायचा, हे ठरायला आमच्याकडे तीन वर्षं लागली. ते काढायला मात्र एक दुपार पुरेल, असा माझा अंदाज होता. दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. एक गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा असतो. म्हणजे आमचं हे रान एका गुंठ्याचा नववा हिस्सा. त्याला कसली आलीय मजुरी आणि कसले आलेत मजूर! एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा झाल्यावर डोक्याला पंचा बांधला, माळ्यावरची कुदळ काढली आणि दणादण घाव घालायला सुरुवात केली.

अकरा वाजेपर्यंत सगळं लॉन तुकडे तुकडे होऊन पडलं होतं. हिरवं, पिवळं, मातकट, नुसता चिवडा. वरवरचं गवत दाताळ्याने ओढून घमेल्यात भरलं, फाटकाबाहेर ढीग केला. उरलेल्या मातीवर संध्याकाळी पाइप धरला, ढेकळं विरघळू देत म्हणून. त्या रात्री तळहातावरच्या दोन फोडांकडे मी बक्षिसासारखं बघत होतो.

आठवड्याने सकाळी पेपर आणायला बाहेर गेलो तर अख्ख्या वाफ्यात हिरव्या सुया. पसरलेल्या पंजाखाली मावेल एवढ्या जागेत मी अकरा मोजल्या. आधीचं लॉन निदान मध्ये मध्ये टक्कल पडलेलं होतं. हे नवं पीक कसं एकसारखं!

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी माण तालुक्यातल्या. त्या हातातली बादली खाली ठेवून वाफ्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवत होत्या.

"काका, ह्ये तुम्ही काढलं न्हाई. लावण केलीया. उसाचं बेणं तोडून लावत्यात तसं."

नंतरच्या सात आठवड्यांत मी जे काही शिकलो, ते सगळं या एका वाक्यातून फुटलं. हरळीची जमिनीखाली जी पांढरट, पेरापेराची दोरी जाते, तिला शेतकरी काशी म्हणतात. अनेकवचन काशा. तीर्थक्षेत्राशी संबंध नाही. दर पेराला एक डोळा असतो. अखंड काशी जमिनीत असताना त्यातले बरेच डोळे झोपलेले असतात. तिचे तुकडे केले, की प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार मांडतो. मी कुदळीने कदाचित हजारभर तुकडे केले होते आणि वर प्रेमाने पाणी पाजलं होतं.

लॉन आमच्या मुलाने घातलेलं. घराची डागडुजी केली त्या वर्षी नर्सरीतून चटईसारख्या गुंडाळ्या आल्या, चार माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार. मेक्सिकन गवत, असं सांगितलं होतं. पहिलं वर्ष खरंच देखणं होतं. पण पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागायचं. पाणीकपातीत टँकर मागवायची वेळ यायची आणि बाहेर पाइपने गवत भिजवताना जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरा टोचायच्या. लॉन ही मुळात इंग्लंडच्या भुरभुर पावसातली चैन. ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने 1830 साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव साफ करणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. तिथे पाऊस गवत वाढवतो आणि माणूस कापतो. आमच्याकडे दोन्ही कामं माझ्याकडे होती. नातवंडं आली की त्यावर खेळतील, हा विचार होता. नातवंडं येतात, सोफ्यावर बसतात.

दुसऱ्या खेपेला मावशींनी मला कुदळीला हात लावू दिला नाही. आधी खुरपं आणायला लावलं. घरात एक होतं, हार्डवेअरच्या दुकानातलं, हिरव्या प्लास्टिकच्या मुठीचं. त्यांनी ते फरशीवर दाबून बघितलं, पातं वाकलं, आणि न बोलता बाजूला ठेवलं. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडून नवं घेतलं. ट्रकच्या कमानपाट्याच्या लोखंडाचं, बाभळीच्या मुठीचं. बाई भाता चालवत होती, नवरा घाव घालत होता. पातं मुठीशी किती वळवायचं हे त्याने माझा हात धरून, मनगट वाकवून ठरवलं. चष्म्याचा नंबर काढतात तितक्या गंभीरपणे. ज्यांना वाफा करायचाय त्यांनी इतर कशावर पैसे वाचवावेत, खुरप्यावर वाचवू नयेत.

मग वाफसा. आमची माती ओली असली की खुरप्याला लाडवासारखी चिकटते आणि वाळली की वीट होते. या दोन्हींच्या मधे एक-दोन दिवसांची फट मिळते, तिचं नाव वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. मावशी टिचकीही मारत नव्हत्या, अनवाणी पायाने चालून सांगायच्या, "आज न्हाई. उद्या." मी दोन-तीन फुटांचा एक पट्टा संध्याकाळी भिजवायचो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यात बसायचो. बसायचो म्हणजे उकिडवं. सहासष्टाव्या वर्षी उकिडवं बसणं ही बसण्याची नव्हे, उठण्याची परीक्षा असते. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातला पाट गुपचूप बाहेर नेला. बायकोने तो नवरात्रात बघितला, मातीच्या डागासकट. त्यावर आमचं काय बोलणं झालं ते इथे सांगत नाही.

कामाची रीत अशी. धार लावलेल्या फावड्याने फूटभर रुंदीचा पट्टा दोन्ही बाजूंनी कापून घ्यायचा. मग फावडं आडवं धरून गवताच्या खालून दोन-तीन इंचांवर सरकवत न्यायचं. मेक्सिकन गवताची मुळं वरवर आणि दाट, त्यामुळे पट्टा चटईसारखा उचलला जातो. एका टोकाला धरून तो गुंडाळत जाताना जे समाधान मिळतं ते खोटं असतं, पण मिळतं. चटई उलटी करून खुरप्याच्या मुठीने झोडायची, माती झडू द्यायची. चांगली माती आहे ती, पैसे मोजून आणलेली लाल माती, गवताबरोबर फेकून द्यायची नाही.

खरं काम चटईच्या खाली. तिथे मेक्सिकन नव्हतंच. तिथे हरळी होती, सुतळीएवढ्या जाडीची. खुरप्याचं टोक काशीच्या बाजूला, काशीवर नाही, रुतवायचं. माती सैल करायची आणि काशी डाव्या हाताने धरून तिच्याच दिशेने ओढायची. वर ओढली की तुटते. ती जिकडे चाललीय तिकडे आपण जायचं. तुटली तर आवाज येतो, बारीक, कडक पापड मोडल्यासारखा. तो आवाज आला की थांबून दुसरं टोक शोधायचं, कारण आत राहिलेलं टोक म्हणजे जूनमधली सुई. भिंतीजवळची एक काशी मी पाऊण तास पिच्छा करून काढली. ती पायाच्या दगडाला वळसा घालून दीड फूट खाली गेली होती आणि पलीकडे पुन्हा वर आली होती. हातात धरून उभा राहिलो तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबत होती. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "बरं."

मी नोकरीभर रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो. सुरुवातीची वर्षं धावत्या गाडीच्या डब्यात, रात्रभर उभं राहून टपाल खणांत टाकण्यात गेली. हात सरावला की पत्ता वाचावा लागत नाही, नजर थेट पिनकोडच्या आकड्यांवर पडते आणि हात खणाकडे गेलेला असतो. मातीचंही तसंच झालं. पहिल्या दोन दिवसांत मला मूळ, काडी, गवताचा देठ आणि काशी यांतलं काही वेगळं दिसत नव्हतं, प्रत्येक गोष्ट उचलून बघायचो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मातीत फक्त काशीचा तो हस्तिदंती पांढरा दिसायला लागला, बाकीचं सगळं मागे सरलं. सेवानिवृत्तीनंतर डोळ्यांना असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

तिसरा भिडू लव्हाळा. तो चटईबरोबरच नर्सरीतून आला असावा, कारण आधी आमच्या अंगणात तो नव्हता. वरून साधी तिधारी पात, उपटली की सहज हातात येते. आपण खूश. खाली मात्र काळसर गाठी, आणि गाठीपासून केसासारखा तंतू निघून पुढची गाठ, मग पुढची. तुटलेल्या पोवळ्याच्या माळेसारखी. पात उपटली की माळ खाली तशीच राहते आणि दोन-तीन गाठी जाग्या होतात. गाठ फोडून नाकाशी नेली तर दिवाळीच्या पहाटेचा वास येतो, कारण हाच नागरमोथा, उटण्यातला. माझ्या अंगणातल्या वैऱ्याचा वास मला लहानपणापासून आवडत आलेला आहे, हे कळायला वयाची पासष्टी उलटावी लागली.

माझा भाचा कृषी पदवीधर आहे. फोनवर सगळं वर्णन ऐकून तो हसायला लागला. "मामा, 1977 साली होम नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर पुस्तक लिहिलं. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. दोघेही तुमच्या दारात!" मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मात्र मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसलो. नर्सरीवाले बर्म्युडा म्हणून जे भारी लॉन विकतात, क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर जे वाढवतात, ते म्हणजे हरळीच. तीच किंवा तिची निवडक, संकरित भावंडं. शास्त्रीय नाव सायनोडॉन, म्हणजे कुत्र्याचा दात. मातीतून वर येऊ पाहणारा काशीचा कोंब बोटाला टोचला की हे नाव ज्याने दिलं तो स्वतः खुरपायला बसला असणार याची खात्री पटते.

तणनाशक मार आणि मोकळा हो, असं सांगणारे बरेच भेटले. बियाण्याच्या एका दुकानात तर मी फक्त मेथीचं बी मागितलं होतं, तरी गवताचं ऐकून दुकानदाराने ग्लायफोसेटची बाटली पुढे सरकवली. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरताच ठेवला, हे त्याला माहीत नव्हतं किंवा आठवत नव्हतं. मी काही कडवा सेंद्रियवाला नाही. शेतात वीस एकर आणि हाताशी माणसं नसतील तर शेतकऱ्याने काय करावं हे पुण्यात बसून मी सांगणार नाही. पण एका गुंठ्याच्या नवव्या हिश्श्यासाठी विषाची बाटली घरात आणायची आणि मग त्याच मातीतली कोथिंबीर वरणावर घालायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

मावशींना हे सगळं गमतीचं वाटत असे. त्यांच्या गावाकडे नांगरट झाली की चैत्र-वैशाखाच्या उन्हात बायका नांगरामागे काशा वेचत जायच्या, पाटीत भरून बांधावर टाकायच्या. ज्या रानाला हरळी फार लागली असेल तिथे गडीमाणसं पहारीने मोठाली ढेकळं उलटी पाडून उन्हाळाभर तापत ठेवायची. "ऊन सोडून तिला कुणाचं भ्या न्हाई," त्या म्हणाल्या. मी विचारलं, दिवसाला किती वेचायच्या तुम्ही? त्यांनी हिशेब सांगितला नाही. फक्त म्हणाल्या, "सांजच्याला हात मिटत नव्हता, काका." त्या बोलत होत्या तोवर त्यांचा हात मात्र चालूच होता. माझ्या एका फुटाला त्यांचे चार फूट, आणि मागे राहिलेली काशी जवळजवळ नाही. त्या वाफ्यातल्या कामाचे वेगळे पैसे मी देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले, आणि ते मला बरं वाटलं. पहिल्या दिवशी मजुरी कसली म्हणणारा मीच होतो.

काशा कोब्यावर पसरल्या. मी तिसऱ्या दिवशीच त्या उचलून खताच्या खड्ड्यात टाकायला निघालो होतो. मावशींनी एक उचलून मोडली, आत पांढरं ओलं दिसलं. "जिती हाय." दहाव्या दिवशी मोडली तेव्हा नुसता कटकन आवाज, आत भुसा. तोपर्यंत चौदा घमेली भरली होती. वाळून त्यांची चार झाली. लव्हाळ्याच्या गाठी मात्र मी खड्ड्यात टाकल्याच नाहीत. जुन्या डब्यात भरून झाकण लावून उन्हात ठेवल्या. त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

खणताना गवताखालची जमीन पहिल्यांदा बघितली. वर चार इंच लाल माती, खाली घट्ट मुरूम, आणि मुरमात घराच्या डागडुजीचा सगळा इतिहास: विटांचे तुकडे, सिमेंटची वाळलेली खापरी, फुटक्या फरश्या, गुटख्याच्या पुड्या, वीतभर पीव्हीसी पाइप आणि एक स्टीलचा चमचा. चमचा आमचाच निघाला. त्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. हा सगळा कचरा झाकायला हिरवी चटई अंथरली होती, हे तेव्हा लक्षात आलं. लाल मातीच्या थरात हुमणीच्या अळ्या होत्या. पांढऱ्या, जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या. लॉनवर जी टकलं पडायची ती पाण्याअभावी असं समजून मी दोन वर्षं त्यांना जादा पाणी देत होतो. अळी दिसली की फरशीवर टाकायची, एवढंच काम. दुसऱ्या दिवसापासून दोन साळुंक्या सहाच्या ठोक्याला कुंपणावर हजर असायच्या आणि मला उशीर झाला तर ओरडायच्या. एकदा भारद्वाज आला. बायकोने आतून हाक मारून सांगितलं, हलू नका, शुभ असतं. मी पंधरा मिनिटं उकिडवा, खुरपं हवेत. शुभाचं माहीत नाही, पाय मात्र मेले.

मेअखेरीस वाफा मोकळा झाला. शेणखताची सहा पोती, निंबोळी पेंड आणि पानांचा कुजलेला पाला मिसळून कडेपेक्षा अर्धा फूट उंच गादी केली, म्हणजे मुरमावर पाणी साचलं तरी मुळं वर राहतील. मृग लागला, सात जूनला. पाऊस दहा दिवसांनी आला. वांग्याची बारा रोपं, मिरचीची आठ, कुंपणाशी दोडक्याच्या दोन वेली, मधल्या जागेत मेथी. पहिल्या मोठ्या पावसानंतर मेथीच्या दोन पानांमधून हिरव्या सुया वर आल्याच. मोजल्या. अख्ख्या वाफ्यात त्रेसष्ट. मला वाईट वाटलं. मावशी म्हणाल्या, "त्रेसष्टच? गावाकडं असतं तर तुम्हाला चोळीबांगडी केली असती." मी पुरुष आहे हे त्यांनी हिशेबात घेतलं नाही.

एक तुकडा आम्ही मुद्दाम ठेवलाय. वाफ्यापासून लांब, कोब्यावर, जुन्या मातीच्या कुंडीत, काशांना बाहेर पळायला वाट राहणार नाही असा. बायकोची अट होती. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात जो दाह झाला, तो ऋषींनी डोक्यावर ठेवलेल्या एकवीस दूर्वांनी शमला, असं सांगतात. बायको दर चतुर्थीला एकवीसची जुडी करते आणि त्या कुंडीतल्या गवताला कधीही हरळी म्हणत नाही. मी एकदा म्हणालो तर तिने माझ्याकडे बघितलं. त्यामुळे आता वाफ्यात हरळी आहे आणि कुंडीत दूर्वा आहेत. यंदा गणपतीत फुलवाल्याकडून दूर्वांची जुडी आणावी लागली नाही. शेजारच्या तीन घरांना इथूनच गेल्या.

वांगी भाद्रपदापासून चालू आहेत. मेथी दोनदा काढून झाली. दोडका लाल भुंग्यांनी खाल्ला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. थंडीत हरळीची वाढ मंदावते असं भाचा म्हणतो, पण ती थांबते असं तो म्हणत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी अर्धा तास खुरपं घेऊन बसतो, पाटावर नाही, रिकाम्या पोत्याच्या घडीवर. आज सहा काशा निघाल्या. सगळ्यात लांब वीतभर होती आणि टोकापर्यंत अखंड आली.